चौदा क्रमांकाची नळी

बेजूरटोल्याच्या शाळेत तपासणी चालली होती आणि गिरमाजी निकुरे लोकांची बोटं धरत होता. लहान पोरं रडायची, म्हातारे हात मागे ओढायचे. गिरमाजी बोट धरायचा, "झालं झालं" म्हणायचा, तोवर सुई टोचून झालेली असायची. त्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी एकतीस वर्षं तो हिवताप खात्यात कीटक समाहारक होता. म्हणजे डास पकडणारा. गावात त्याला सगळे मच्छरबाबू म्हणत.

बेजूरटोला हे गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचं, नदीपलीकडचं, बासष्ट घरांचं माडिया गोंडांचं गाव. चार वर्षं तिथं मलेरियाचा एकही रोगी सापडला नव्हता. तशी पाटीही शाळेच्या भिंतीवर लागली होती. या वर्षी पावसाळा संपता संपता सात जणांना ताप आला. नेहमीच्या गोळ्यांनी तीन दिवसांत उतरणारा ताप उतरला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आला. गिरमाजीच्या समोरच्या घरातली तीन वर्षांची सुक्की त्यात गेली. मग जिल्ह्याहून डॉ. जयमाला उसेंडी आपली माणसं घेऊन आली आणि शाळेतच तिनं मुक्काम टाकला.

तिसऱ्या दिवशी तिनं यादी मिटली. "बासष्ट घरं, तीनशे अकरा माणसं. सगळी झाली, काका. तुमच्यामुळे झाली."

यादी घरक्रमांकाप्रमाणे केलेली होती. गिरमाजी राहायचा ती उपकेंद्रामागची सरकारी खोली. तिला घरक्रमांक नव्हता. त्याचं बोट कोणी धरलं नाही आणि ते धरायला हवं हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

तीनशे अकरा माणसांत आजारी सहा जण सोडून कोणाच्याच रक्तात काही निघालं नाही.

"मग हा आला कुठून?" जयमाला म्हणाली. ती अहेरीकडची, गोंडाचीच पोर. बोलणं सरळ होतं. "काका, मलेरियाचा जंतू माणसाच्या प्लीहेत, हाडाच्या मगजात लपून राहू शकतो. ताप नाही, थंडी नाही. माणूस शेतात जातो, लग्नात नाचतो. बोटाच्या थेंबात तो सापडतोच असं नाही. पण डासाला तो मिळतो. डास रोज रात्री येतो, हजार वेळा चावतो. एखाद्या वेळी साधतं."

"मग डासालाच विचारा," गिरमाजी म्हणाला.

तो गंमतीनं बोलला होता. ती हसली नाही. "तेच करायला आलोय."

तिनं सोबत आणलेलं यंत्र जेवणाच्या दोन डब्यांएवढं होतं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. गावानं दोन दिवसांत त्याचं नाव चुगलीपेटी ठेवलं.

डासाची मादी रक्त पिऊन झाली की जड होते आणि जवळच्याच भिंतीवर बसून राहते. पहाटे टॉर्च लावून, काचेच्या नळीनं तोंडानं हवा ओढून तिला पकडायचं, हेच गिरमाजीचं काम होतं. पकडलेला डास वाळवून कापसाचा बोळा लावलेल्या लहान नळीत ठेवायचा आणि पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायची: गाव, तारीख, घर. त्या काळी त्या डासांची फक्त मोजणी व्हायची. पुढे त्यांचं काय करायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. नळ्या गोदामात जाऊन पडायच्या.

चुगलीपेटी त्या वाळलेल्या डासाचं पोट वाचायची. डासाची पूड करून एका द्रवात टाकली की त्यातले जनुकांचे तुकडे सुटे व्हायचे. पोटातलं रक्त माणसाचं की गुराचं, बाईचं की पुरुषाचं, हे त्यावरून कळायचं. माणसाच्या जनुकांवर वयाबरोबर काही रासायनिक खुणा चढत जातात. त्या मोजल्या की वयाचा अंदाज यायचा. आणि त्या रक्तात मलेरियाचा जंतू असेल तर त्याच्याही जनुकांची नोंद व्हायची. आजच्या जंतूंची नोंद कालच्यांच्या शेजारी ठेवली की कोण कोणाच्या पोटी आला याची वंशावळ मांडता यायची. औषधाला दाद न देणारा जंतू या गावात पहिल्यांदा कुठल्या घरात दिसला, हे आता विचारता येत होतं.

"बाकीच्या समाहारकांच्या नळ्यांना बुरशी लागली," जयमाला म्हणाली. "तुमच्याच तेवढ्या धड आहेत. प्रत्येकीत चिठ्ठी. अक्षर कसं मोत्यासारखं."

गिरमाजीला बरं वाटलं. त्याच्या कामाबद्दल कोणी चांगलं बोललं त्याला फार वर्षं झाली होती. ते शेवटचं बोलणारं माणूस त्याची बायको कौतिका होती.

शनिवारी निकाल आला. आठ वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली एकोणीस तारीख. घर क्रमांक चौदा. डास एक, रक्त दोघांचं. बाई, पंचेचाळीस ते पन्नास वर्षांची. पुरुष, पन्नास ते पंचावन्नचा. जंतू तोच, आजच्या सहा जणांतल्या जंतूंचा पूर्वज.

चौदा क्रमांकात कोपा वड्डे आणि त्याची बायको मैनी राहत. आठ वर्षांपूर्वी त्यांची वयं नेमकी तेवढीच होती.

"ह्यांच्या दोघांच्या रक्तात आज काही निघालं नाही," जयमाला म्हणाली, "पण लपलेला असू शकतो. शुक्रवारी गाडी येईल. एक महिना तालुक्याला ठेवावं लागेल. नवीन औषध शिरेतून द्यायचं आहे, तिथंच देता येतं." मग ती म्हणाली, "काका, तुमच्या एका चिठ्ठीनं गाव वाचणार बघा."

गिरमाजी "हाव" म्हणाला आणि घरी गेला.

एकोणीस नोव्हेंबरला तो कोपाच्या घरी गेलाच नव्हता.

त्या महिन्यात कौतिका तापानं पडली होती. गोळ्या दिल्या, ताप उतरला, परत आला. दर गुरुवारी सहा ठरलेल्या घरांतून डास पकडून नळ्या पाठवाव्या लागत. कागदावर ती सहा घरं छापलेली होती. त्यांशिवाय दुसरं घर लिहायला रकानाच नव्हता. बारा तारखेच्या गुरुवारी पहाटे तो टॉर्च घेऊन निघाला आणि दारातून परतला. तिला एकटं टाकून जाववेना. भिंतीकडे पाहिलं तर तिच्या खाटेच्या वरच सहा-सात डास बसले होते, पोटं लाल झालेले. त्यानं तेच पकडले.

कौतिकानं डोळे उघडले होते. "आज कोनाच्या घरचे मच्छर जी?"

"कोपाच्या घरचे," तो चिठ्ठी लिहीत म्हणाला होता.

"कोपाले विचारलंत का?" आणि ती हसली होती. तापातही हसली होती.

एकोणीसलाही त्यानं तसंच केलं. खोलीला क्रमांक नव्हता. पहिल्या नळीवर पुन्हा चौदा लिहिलं, बाकीच्यांवर उरलेली पाच घरं.

म्हणजे ती पंचेचाळीस ते पन्नासची बाई कौतिका होती. आणि तो पुरुष गिरमाजी होता. त्या वर्षी पावसाळ्याआधी तो जंगलातल्या छावणीत सहा आठवडे आमिषाला बसला होता. गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून बसायचं आणि पायावर बसलेला डास चावायच्या आत नळीनं ओढायचा, अशी ती पद्धत होती. चावायच्या आत नेहमी जमत नसे. त्याला ताप कधी आला नाही. आपलं रक्त कडू आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

हे सगळं त्याला शाळेपासून खोलीपर्यंतच्या वाटेतच कळलं. त्यानं भात टाकला. एका माणसाचा भात त्याला अजून नीट जमत नव्हता, दर वेळी उरायचा. उरलेला त्यानं कुत्र्याला घातला आणि उजेड असतानाच आडवा झाला.

निकाल गावभर झाला. रविवारी बोअरिंगवर मैनी पाण्याला गेली तेव्हा बायका हंडे उचलून बाजूला झाल्या. सोमवारी सुक्कीची आई चौदा क्रमांकासमोर उभी राहून मोठमोठ्यानं रडली. मंगळवारी कोपाच्या सुनेचा भाऊ आला आणि सुनेला व नातवाला माहेरी घेऊन गेला. सून पाच महिन्यांची गरोदर होती. गरोदर बाईला हा आजार किती वाईट, हे आरोग्य खात्यानंच तीस वर्षं गावाला शिकवलं होतं.

त्याच संध्याकाळी कोपा गिरमाजीच्या दारात आला. दोघं एका वयाचे. एकेकाळी पहाटे गिरमाजी भिंती तपासायचा तेव्हा कोपा चूल पेटवून त्याच्यासाठी काळा चहा ठेवायचा.

"बाबू," कोपा उंबऱ्यावरच बसला. "तू तर बामणासारखा लिहितोस. तुझं लिहिलेलं चुकत नाही. मले एक सांग. तो मच्छर खरंच माझ्या घरचा होता का गा?"

गिरमाजी चुलीकडे पाहत होता. "चिठ्ठीवर तसंच आहे."

"चिठ्ठीवर आहे म्हनजे होताच."

"हाव."

कोपा म्हणाला, "मैनी दोन दिस जेवली नाही. म्हनते, सुक्कीले मीच मारलं." मग तो उठला. "महिनाभर माझे बैल पाहशील का? दुसरं कोनी दारात उभं राहत नाही."

"पाहतो ना गा."

कोपा गेल्यावर गिरमाजीनं दार लावून घेतलं. न बोलण्याची दोन कारणं त्याच्यापाशी होती आणि ती तो पुन्हा पुन्हा तपासत होता. एक म्हणजे त्याचं काम. एकतीस वर्षांत त्याच्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं. दुसरं कारण सांगायला अवघड होतं. कौतिका गेली ती जंगलाच्या तापानं गेली, असं तो आठ वर्षं समजत आला होता. जंगलाचा ताप म्हणजे कोणाचाच नाही. आता त्या तापाला नाव लागत होतं.

पण कोपाच्या घरातलं कोणी महिनाभर तालुक्याला जाऊन आलं तरी ताप गावातून जाणार नव्हता. तो इथं या खोलीत राहणार होता. गिरमाजी रोज संध्याकाळी ओट्यावर पाय सोडून बसत असे. समोर सुक्कीचं घर होतं. सुक्की ओट्याखाली खेळायची.

गुरुवारी सकाळी तो शाळेत गेला. जयमाला पेटीपाशी नळ्या लावत होती.

"मॅडम, एकोणीस तारखेची नळी चौदा नंबरची नाही."

"असं कसं? चिठ्ठी तुमच्याच हातची आहे."

"हातची आहे. खोटी आहे."

त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये ती एकदाच बोलली. "किती नळ्या?"

"बारा तारखेच्या सहा, एकोणीसच्या सहा, सव्वीसच्या सहा. बाकी एकतीस वर्षांत एकही नाही. पन आता तुम्ही कशाले मानाल?"

"शनिवारी निकाल लागला. आज गुरुवार." जयमालाचा आवाज चढला. "पाच दिवस! त्या बाईला पाण्यावरून हटवलं, त्यांची सून गेली, आणि तुम्ही रोज इथं येऊन खुर्च्या मांडत होतात? मी तुमची स्तुती करत होते, काका!"

ती बाहेर गेली, व्हरांड्यात थोडी थांबली, परत आली तेव्हा तिच्या हातात सुई होती. "बसा. बाही वर करा. बोटातून नाही, शिरेतून घेणार."

त्याचा हात धरायला कोणी नव्हतं. त्यानंच तो टेबलावर ठेवला.

चाळीस मिनिटांनी पेटीनं उत्तर दिलं. होता. अगदी थोडा, पण होता. आठ वर्षं एका माणसात हा जंतू टिकणं क्वचित घडतं, असं जयमाला म्हणाली. सांगताना तिचा राग जरा खाली आला होता. गिरमाजीला नवल वाटलं नाही.

मग दोघं अठरा नळ्या घेऊन बसले. ती चिठ्ठी वाचायची, तो खरं काय ते सांगायचा. ती चौदा खोडायची, सात खोडायची, एकवीस खोडायची आणि प्रत्येक वेळी लिहायची: उपकेंद्रामागील खोली. सव्वीस तारखेच्या पाच नळ्या रिकाम्या निघाल्या, नुसत्या चिठ्ठ्या. सहावीवर चौदा लिहिलेलं होतं, तिच्यात एक डास होता.

"तुमच्या मिसेस कधी गेल्या?"

"पंचवीसच्या रात्री."

जयमालानं तारीख पुन्हा पाहिली. "आणि हा सव्वीसला सकाळी पकडला?"

"लोक यायच्या आधी."

"का, काका?"

"गुरुवार होता," तो म्हणाला.

तिनं नळी उजेडात धरली. मग म्हणाली, "ही नळी आम्ही वाचली नाही अजून. चौदाच्या दोन आधी वाचल्या होत्या म्हणून बाजूला ठेवली. पण आता हीच सगळ्यात कामाची आहे. त्यांचा गोळ्यांचा पूर्ण डोस झाला होता ना?"

"दोनदा."

"डोस झाल्यावरही जो जंतू उरला, तो ह्या डासात असणार. औषधाला तो कसा चुकला हे त्यावरून कळेल. तालुक्याच्या दवाखान्यात हलवलेल्या सहा जणांना कोणतं औषध लावायचं, ते ठरवता येईल." तिनं नळी पुढे केली. "पण वाचलं की काही उरत नाही. पूड होते. मी विचारलं नसतं, नियमानं विचारायची गरजही नाही. तरी विचारते."

गिरमाजीनं नळी हातात घेतली. काचेच्या तळाशी एक काळा ठिपका होता. पोटाच्या जागी तपकिरी डाग. कौतिकाचं लुगडं त्यानं तिच्या बहिणीला देऊन टाकलं होतं. फोटो होता तो लग्नातला, घोळक्यातला. बाकी तिच्या शरीरातलं असं कुठंच काही नव्हतं. हे एवढं गोदामात होतं आणि आठ वर्षं त्याला ते ठाऊक नव्हतं.

त्यानं नळी परत दिली. "वाचा."

तिनं बोळा काढला. डास कुपीत पडला, दांडा फिरला, द्रव जरासा गढूळ झाला. गिरमाजी शेवटपर्यंत पाहत होता. पेटी घरघरू लागली तेव्हा त्यानं विचारलं, "मॅडम, तो तिच्याकडून मले आला, का माझ्याकडून तिले गेला, हे हिच्यात समजते का?"

"समजतं."

"मग?"

"कशाला, काका?"

"सगळ्या गावाचं पाहिलं. माझंही पाहा."

जयमालानं पडद्यावर वंशावळ लावली. बराच वेळ ती रेषा इकडून तिकडे पाहत राहिली. त्याला वाटलं ती खोटं शोधते आहे. शेवटी तिनं पडदाच त्याच्याकडे वळवला. "तुमच्यातल्या जंतूंना दोन फांद्या आहेत. त्यांच्यात एकच आहे, आणि ती तुमच्यातल्या एका फांदीतून निघालेली आहे."

"म्हनजे मीच दिला."

"डासानं दिला, काका."

"डासाले कोनी दिला?"

पेटीचं काम संपायला अजून अर्धा तास होता. गिरमाजी तेवढा वेळ बसला. मग पडद्यावर ओळ आली: बाई, पंचेचाळीस ते पन्नास. खाली जंतूची लांब नोंद होती. जयमाला लगेच तालुक्याच्या दवाखान्याला फोन लावू लागली आणि औषधाचं नाव मोठ्यानं, अक्षर अक्षर सुटं करून सांगू लागली.

शुक्रवारी सकाळी गाडी यायच्या आधी गिरमाजी चौदा क्रमांकात गेला. जयमाला सोबत येते म्हणाली होती. तो नको म्हणाला. कोपा आणि मैनी अंगणात बसले होते. मैनीनं कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. बोअरिंगकडे जाणाऱ्या दोन बायका कुंपणापाशी थांबल्या. त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यानं सांगितलं.

मैनीनं आधी गाठोडं सोडलं. लुगडं बाहेर काढलं, झटकलं. मग म्हणाली, "सहा घरं होती गा बाबू कागदावर. त्या मच्छराले आमच्याच घराचा नंबर काऊन लिहिला?"

"तुमच्याच घरी चहा मिळायचा."

"म्हनून?"

"म्हनून तोच पहिला आठवला."

"उद्यापासून कोनाच्या घरचा पितोस ते पाहीन मी," मैनी म्हणाली आणि आत गेली. कुंपणापाशी एक बाई हळूच हसली, मग तिलाच वाईट वाटलं असावं. तिनं मैनीला हाक मारली, "येतेस का पान्याले?"

कोपा उठला नव्हता. "मंगळवारी तुले विचारलं होतं मी."

"हाव."

"माझ्या डोळ्यात पाहून बोललास तू."

"नाही कोपा. पाहिलं नव्हतं."

कोपानं मान हलवली, जणू हे त्याला आधीच ठाऊक होतं. भिंतीला टेकवलेली सायकल त्यानं काढली, मागच्या चाकाची हवा अंगठ्यानं दाबून पाहिली. "सुनेले आनाले जातो," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला, आणि गेला. वळणापर्यंत तो दिसत होता. त्यानं मागे पाहिलं नाही.

गाडी दहाला आली. मागच्या भागात समोरासमोर दोन बाकं होती, दोन्हींवर जाळीच्या मच्छरदाण्या बांधलेल्या. चालक नवा होता. त्यानं कागद काढला.

"वड्डे, कोपा. वड्डे, मैनी."

"ते खोडा. निकुरे लिहा, गिरमाजी," जयमाला म्हणाली.

"आणि दुसरं? दोन जण सांगितले होते. एक बाई, एक माणूस."

जयमालानं गिरमाजीकडे पाहिलं.

"बाई आठ वर्षांआधीच गेली," गिरमाजी म्हणाला. "मी एकटाच आहे."

चालकानं कागदावर एक रेघ ओढली. "मग बसा कुठंही. पसरून बसा. महिनाभर असंच पडून राहायचं आहे तुम्हाला."

गिरमाजी आत चढला. मच्छरदाणी त्यानं स्वतःच वर केली, आत बसला आणि कडा बाकाखाली खोचल्या. बाकावर दोघांची जागा होती. गाडी हलली तेव्हा तो सवयीनं शेजारची जागा सोडून कडेला सरकून बसला होता.